ऑगस्ट ते जानेवारी: बेभरवशाच्या हवेतला पहिला लाँग रन

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथे पहिल्यांदा हाफ, म्हणजे २१.१ किलोमीटर पळायचं असेल तर तयारीला ऑगस्टमध्ये लागावं लागतं. सुरुवात भर पावसात होते, मधले आठवडे ऑक्टोबरच्या उकाड्यात जातात आणि शेवटचे थंडी-धुक्यात. मी पुण्यात गेली बारा वर्षं रविवारी पहाटे पळते आणि दर वर्षी चार-पाच नव्या मंडळींना सोबत घेते. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, पाऊस असला तर काय करायचं?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

हे कोणासाठी? ज्यांना आठ-दहा किलोमीटर आरामात पळता येतं आणि आता रविवारचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यांत लांब पळणं, बारा, चौदा, सोळा असं वाढवत न्यायचं आहे त्यांच्यासाठी. दम्याचा, हृदयाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आधी परतीची वाट

नवखा माणूस आधी "किती पळायचं" ते ठरवतो. मी म्हणते, आधी "परत कसं यायचं" ते ठरवा. हे मी एका रविवारी शिकले. हस्त नक्षत्र लागलं होतं. लहानपणी हादग्याला पाटावर हत्ती काढून फेर धरायचो, तो याच हत्तीच्या पावसाचा. खडकवासल्याच्या दिशेने नऊ किलोमीटर जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं, असा बेत होता. निघताना आभाळात चांदण्या होत्या. आठव्या किलोमीटरला गडगडायला लागलं आणि पाच मिनिटांत समोरचं दिसेना. एका मंगल कार्यालयाच्या राखणदाराने आत घेतलं म्हणून निभावलं. अंगावर ओला टी-शर्ट, खिशात एक रुपया नाही, मोबाइल भिजून बंद. चाळीस मिनिटं कुडकुडत बसले. पाऊस थांबल्यावर पाय इतके आखडले होते की पळणं सोडाच, चालणंही जड झालं. घर आठ किलोमीटर लांब होतं.

त्यानंतर पावसाळ्यात मी सरळ जाऊन परत येण्याचा रस्ता घेतला नाही. घर मध्ये ठेवून भोवती तीन-चार किलोमीटरचे फेरे आखते, फुलाच्या पाकळ्या असतात तसे. प्रत्येक पाकळी संपली की घराच्या फाटकाशी किंवा लावून ठेवलेल्या स्कूटरपाशी येता येतं. स्कूटरच्या डिकीत पाण्याची बाटली, कोरडे मोजे, टॉवेल आणि एक जादा टी-शर्ट ठेवा. चौदा किलोमीटर म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या चार पाकळ्या. कंटाळा येईल असं वाटतं. पण फेऱ्याची दिशा आलटून पालटून बदलली की फारसा येत नाही. आणि कुठल्याही क्षणी तुम्ही घरापासून फार तर पावणेदोन किलोमीटरवर असता.

वाऱ्याचाही विचार करा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. प्रत्येक पाकळीत पश्चिमेचा भाग आधी घ्या आणि वारा पाठीवर घेऊन परता. घामाने भिजलेल्या अंगावर समोरून वारा लागला की गारठा चढतो, तो परतीला नको. पुणेकरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आपल्याकडे वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात ४,००० च्या वर. पश्चिमेला जाल तसा पाऊस दाट होत जातो. कोथरूडमध्ये भुरभुर असते तेव्हा पिरंगुटच्या पुढे मुसळधार असू शकते.

साताऱ्याचा यवतेश्वर घाट ऑगस्टमध्ये अतिशय देखणा असतो आणि सप्टेंबरमधल्या तिथल्या हिल हाफ मॅरेथॉनमुळे नव्या लोकांनाही तो खुणावतो. जरूर जा, पण पहिला लाँग रन म्हणून नको. धुक्यात वळणावरची गाडी तुम्हाला दिसत नाही, त्याहून वाईट म्हणजे तुम्ही गाडीवाल्याला दिसत नाही. आधी घराजवळ तीन-चार लाँग रन होऊ द्या, मग गटाने जा.

शनिवारी रात्री

हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे चार रंग असतात: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. हे रंग अख्ख्या जिल्ह्यासाठी आणि पूर्ण दिवसासाठी असतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, त्याने रन रद्द करायची गरज नाही. नारिंगी असेल तर फक्त घराजवळच्या पाकळ्या. लाल असेल तर बूट बाहेर काढूच नका, तुम्ही कितीही तयारीचे असा. बातमीत "जोरदार पाऊस" म्हणतात तेव्हा खात्याच्या मोजणीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असा त्याचा अर्थ असतो. तो दिवसभर थोडा थोडा पडला तर पळता येतं, दोन तासांत ओतला तर रस्त्याचा ओढा होतो. म्हणून नुसता आकडा पाहू नका, तासागणिक अंदाज पाहा. पहाटे उठल्यावर खात्याच्या संकेतस्थळावर रडारचं चित्रही उघडा. ढगांचा पट्टा कुठे आहे आणि कुठे सरकतो आहे, हे दोन-तीन चित्रं पाहिली की साध्या नजरेलाही कळतं.

मोबाइलवर 'दामिनी' हे ॲप ठेवा. आपल्या पुण्यातल्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते केलं आहे. तुमच्या आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का, ते त्यात दिसतं. एप्रिल-मेमधला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस या दोन्ही वेळी विजा खऱ्या. जुलैच्या संततधारेत त्या कमी असतात. वळीव आणि परतीचा पाऊस बहुतेक दुपारनंतर येतात, पहाट मोकळी असते, म्हणून त्या दिवसांत उशिरा निघू नका. "बहुतेक" या शब्दाकडे मात्र लक्ष द्या. माझा खडकवासल्याचा रविवार आठवा.

रात्रीचं जेवण नेहमीचंच ठेवा. भात-वरण, पोळी-भाजी, ज्याची पोटाला सवय आहे ते. श्रावणात शनिवारचा किंवा एकादशीचा उपवास असेल तर रात्री साबुदाण्याची खिचडी नाहीतर रताळं व्यवस्थित खा. निर्जळी उपवासाच्या दुसऱ्या दिवशी लाँग रन करू नका. यात मी कोणाला सूट देत नाही.

अंगावर काय, खिशात काय

सुती टी-शर्ट घरी ठेवा. सूत पाणी धरून ठेवतं, जड होतं, कातडीला घासतं आणि गारठा वाढवतं. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा पातळ टी-शर्ट घ्या, तो भिजला तरी अंगावर हलका राहतो. मोजेही तसेच. पुढे झाप असलेली टोपी घाला, म्हणजे पावसाचे थेंब डोळ्यांत जात नाहीत. चष्मा असणाऱ्यांना तर तिच्याशिवाय गत्यंतर नाही.

स्कूटरवर घालतो तो जाड रेनकोट पळताना नको. दहा मिनिटांत आत घामाची अंघोळ होते. मुठीत मावेल असा पातळ विंडचीटर घ्या आणि कमरेला बांधा किंवा पट्ट्यात कोंबा. पळत असताना बहुधा लागणार नाही. थांबावं लागलं की लागेल. या एका वस्तूबद्दल मी नव्या मंडळींशी हुज्जत घालते, कारण २२ मे २०२१ ला चीनमधल्या गान्सू प्रांतात काय झालं ते मला विसरता येत नाही. १०० किलोमीटरची डोंगरातली शर्यत होती. सुरुवातीची हवा बरी म्हणून बरेच जण चड्डी-टी-शर्टवर होते, वारा अडवणारं जाकीट सक्तीचं नव्हतं. दुपारी गारा, बर्फासारखा पाऊस आणि सुसाट वारा एकदम आला. १७२ धावपटूंपैकी २१ जण गारठून दगावले, त्यांत त्या देशातले नावाजलेले धावपटू होते. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेलं, शेकोटी केली, म्हणून ते वाचले. पुण्या-मुंबईत तशी थंडी नाही, हे खरं. पण ओलं अंग, वारा आणि थांबलेले पाय हे त्रिकूट सह्याद्रीतही ऑगस्टमध्ये माणसाला थरथर कापायला लावतं. विंडचीटरचं वजन शंभर-दीडशे ग्रॅम असतं.

खिशात शंभराच्या दोन नोटा आणि मोबाइल, दोन्ही झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत. त्याच पिशवीत एका कागदावर नाव, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहून ठेवा. अंधारात निघणार असाल तर पाठीवर लुकलुकणारा लाल दिवा लावा, सायकलला लावतात तोच चालतो.

आता घासण्याबद्दल. पहिल्या पावसाळी लाँग रननंतर अंघोळीला बसल्यावर जी किंकाळी फुटते ती यामुळे. ओलं कापड आणि ओली कातडी दोन तास एकमेकांवर घासली की सोलवटतं. मांड्यांची आतली बाजू, काखा, पायांची बोटं आणि बायकांना ब्राच्या पट्ट्याखाली व्हॅसलीन भरपूर लावायचं. पुरुषांनी छातीवर दोन्हीकडे चिकटपट्टी लावावी. तुम्ही कोरड्या हवेत कधी काही लावलं नसेल तरी पावसात लावा.

पहाटे

निघण्याआधी तासभर एक केळं किंवा दोन-तीन खजूर, सोबत चहा घेत असाल तर चहा. पोट साफ होऊ द्या. अंग गरम करणं घरातच उरका. जिन्यात, गॅलरीत पाच-सात मिनिटं जागच्या जागी चाल, गुडघे वर, घोटे फिरवणं. बाहेर पावसात उभं राहून व्यायाम केला की निघायच्या आतच गारठता.

ऑगस्टमध्ये उजाडतं सव्वासहाच्या आसपास, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. पावसाळ्यात मी थोडं उजाडू देते, कारण पाण्याखालचा खड्डा अंधारात दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये मात्र पाचला निघायलाच हवं, आठनंतरचं ऊन सोसवत नाही. घरी कुणाला तरी रस्ता आणि परतायची वेळ सांगून निघा.

रस्त्यावर

वेग किती? सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतका. दोन शब्दांनंतर धाप लागली तर तुम्ही जोरात जाताय. पाऊस लागला की माणूस नकळत वेग वाढवतो, लवकर संपवावं म्हणून. तेव्हाच पावलं आखूड टाका. ओल्या रस्त्यावर लांब ढांग टाकणारा घसरतो. घड्याळातला वेग विसरा. पावसाळी किंवा दमट दिवशी किलोमीटरमागे अर्धं-पाऊण मिनिट जास्त लागलं तर त्यात काहीही बिघडलेलं नाही. माझ्या सोबतच्या नव्या लोकांना मी किलोमीटरऐवजी वेळ देते: आज नव्वद मिनिटं, पुढच्या रविवारी शंभर. चौथ्या आठवड्याला परत कमी.

कुठे घसरायला होतं ते पाठ करा. झेब्रा क्रॉसिंगचे आणि गतिरोधकावरचे पांढरे पट्टे, ड्रेनेजची लोखंडी झाकणं, शेवाळलेला पदपथ, पेव्हर ब्लॉक आणि बुचाच्या फुलांचा सडा. साचलेल्या पाण्यात पाय टाकू नका, खाली उघडं चेंबर असू शकतं. वळसा घाला, नाहीतर त्या फेऱ्यातून तो तुकडा वगळा. पुलावरून किंवा ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याइतकं दिसलं तरी ओलांडू नका. विजेचे खांब, डीपीची पेटी, लोंबती तार यांपासून चार हात लांब राहा, आणि पावसात झाडाखाली थांबायची सवय मोडा. आपल्याकडे दर पावसाळ्यात गुलमोहराच्या फांद्या कोसळतात.

पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळा. कानात इअरफोन नको. पावसात दुकानांच्या पायऱ्यांवर कुत्री अंग चोरून बसलेली असतात. त्यांच्या अगदी जवळून धावत गेलं की ती दचकतात आणि मागे लागतात. तिथे चालत जा.

आभाळ गडगडलं तर

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या डोक्यावर असू शकते. तेव्हा लगेच पक्क्या इमारतीत शिरा. एखाद्या सोसायटीचं पार्किंग, एटीएम, देवळाचा सभामंडप किंवा काचा बंद केलेली चारचाकी चालेल. पत्र्याचा बसथांबा, टपरीची ताडपत्री आणि झाड, तिन्ही नकोत. टेकडीवर असाल तर माथा सोडून उतरायला लागा. काहीच आसरा नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका, आणि सोबतच्यांपासून अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. इतका वेळ थांबल्यावर तो रन तिथेच संपला असं समजा आणि रिक्षा करून घरी या. खिशातल्या नोटा त्यासाठीच आहेत.

उकाडा आणि पाणी

नव्या माणसाला पाऊस घाबरवतो, पण मी माणसं कोसळताना पाहिली ती ऑक्टोबरमध्ये. कारण साधं आहे. घाम अंगावरून वाफ होऊन गेला तरच शरीर थंड होतं. एक लिटर घाम उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा आधीच दमट असेल तर घाम उडत नाही, नुसता टपकतो, आणि टपकलेला घाम काहीच उष्णता नेत नाही. म्हणून पाऊस उघडल्यावरची ढगाळ, कोंदट सकाळ थर्मामीटरवर २४ अंश दाखवत असली तरी फसवी असते. उन्हाची शरीराला सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. ऑक्टोबर सुरू झाला की पहिले दोन आठवडे लाँग रन वाढवू नका.

तहान लागेल तसं प्या. ढोबळमानाने तासाला अर्धा लिटर पुरतं. एकदा घरी प्रयोग करा. पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे एक लिटर पाणी गेलं, मध्ये प्यायलेलं त्यात मिळवा. तुमचा आकडा असा कळतो, तो दुसऱ्याच्या कामाचा नाही. उलट्या टोकाची चूकही होते. भीतीपोटी दोन तासांत तीन-चार लिटर साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, भान हरपू शकतं. तासाभरापेक्षा जास्त पळणार असाल तर पाण्यात मीठ-साखर हवी. औषधाच्या दुकानातलं ओआरएस किंवा घरचं: एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, सपाट भरलेला. लिंबू पिळलं तर चवीला बरं. कोकम सरबत मीठ घालून उत्तम लागतं. खायला चिक्की किंवा राजगिऱ्याची वडी, पंचेचाळीस मिनिटांनी एक तुकडा.

उन्हात पळताना अंगावर काटा येणं, गरगरणं, मळमळ, बोलताना शब्द चुकणं यातलं काहीही झालं की थांबा आणि सावलीत जा. सोबतचा माणूस बरळायला लागला तर त्याला उन्हातून हलवा, डोक्यावर, मानेवर, काखेत, जांघेत पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

परत आल्यावर

दहा मिनिटांच्या आत ओले कपडे उतरवा. स्ट्रेचिंग, फोटो, गप्पा सगळं त्यानंतर. कोरडं अंग, कोरडे कपडे, गरम चहा किंवा हळदीचं दूध, आणि तासाभरात पोटभर खाणं: पोहे, अंडी, इडली, जे घरात असेल ते.

पाय साबणाने धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. साचलेल्या पाण्यातून गेला असाल आणि पायाला खरचटलेलं असेल तर दुर्लक्ष करू नका. त्या पाण्यात उंदीर-जनावरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि लेप्टोस्पायरोसिस जखमेतून शिरतो. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर "मी साचलेल्या पाण्यातून गेले होते" हे न विसरता सांगा.

बुटांच्या आतले तळवे आणि नाड्या काढा, वर्तमानपत्राचे बोळे आत घट्ट भरा आणि पंख्याखाली ठेवा. दोन तासांनी बोळे बदला, रात्री पुन्हा एकदा. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर सोलचा डिंक सुटतो. पावसाळ्यात बुटांचे दोन जोड असलेले बरे. दुसरा जोड जुना असला तरी चालेल, पण तळाची नक्षी झिजलेली नको.

रविवार बुडाला तर

बुडेल. ऑगस्ट ते जानेवारीत दोन-तीन तरी बुडतात. त्या दिवशी इमारतीच्या जिन्यात पस्तीस-चाळीस मिनिटं चढ-उतार करा, चढताना सावकाश, उतरताना कठड्याला हात लावून. ट्रेडमिल असेल तर तासभर. सोमवारी हवा उघडली म्हणून कामावर जायच्या आधी घाईघाईत चौदा किलोमीटर उरकू नका, आणि पुढच्या रविवारी दोन्ही आठवड्यांचं एकदम करायला जाऊ नका. गुडघ्यांच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येणारे निम्मे लोक हेच करून आलेले असतात. बुडालेला रन बारा किलोमीटरचा होता तर पुढच्या रविवारी बाराच पळा. सलग दोन बुडाले तर दहावर या आणि तिथून पुन्हा एक-दोन किलोमीटरने चढवत न्या. ऑगस्टमध्ये सुरुवात केली असेल तर जानेवारीपर्यंत वीसेक रविवार हाताशी असतात. अशा तीन-चार सुट्ट्या त्यात सहज बसतात.